परीक्षा होऊ दे, मग सांगू

ताई,

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. वसुधाला माहीत नाही, मितूला माहीत नाही, तुझ्या दिवसांत भेटायला आलेल्या एवढ्या माणसांपैकी कुणालाही माहीत नाही. तुला तर नव्हतंच माहीत. निदान मी तसं धरून चाललोय.

दिवाळी संपून थोडेच दिवस झाले होते. जयेंद्रगंजचा तुझा जिना चढताना छातीत जड वाटतं, असं तू मितूजवळ सहज बोललीस, ते तिनं वसुधाला सांगितलं, आणि मी तुला बळेबळे त्या नर्सिंग होममध्ये नेलं. तपासण्या झाल्या. तू आतून बाहेर आलीस तेवढ्यात कुणा पक्षकाराचा फोन वाजला, आणि "हाँ, बोलो, सुन रही हूँ" म्हणत तू पार्किंगकडे गेलीस. डॉक्टरांनी दार अर्धवट उघडून मला खूण केली. "भाईसाहब, आप आइए." तुला बोलवावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

"नसों में रुकावट लग रही है," ते म्हणाले. "टालिए मत. इसी हफ्ते एंजियोग्राफी करवा लीजिए, यहाँ या दिल्ली, जहाँ ठीक लगे."

मी विचारलं, "महीना भर रुक सकते हैं?"

"क्यों, घर में शादी है?"

"नहीं. बच्ची का एग्ज़ाम है."

त्यांनी पॅड पुढे ओढलं. मग गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "इनके भरोसे मत बैठिएगा. और मरीज़ को समझा दीजिए."

पार्किंगमध्ये तू स्कूटरला टेकून उभी होतीस. "काय म्हणाला?"

"काही विशेष नाही. गॅसेस आहेत, थोडं बीपी. गोळ्या दिल्यात खबरदारी म्हणून. महिन्याभरानं परत या म्हणाले."

उभा जन्म उलटतपासण्या घेण्यात घालवलेली बाई तू. साक्षीदारानं नुसता घसा खाकरला तरी तू त्याला धरायचीस. त्या दिवशी तू माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलंस, एवढं मला पक्कं आठवतं. मग म्हणालीस, "एवढ्यासाठी माझी सकाळ खाल्लीस होय रे पम्या? काढ गाडी. मितूचा मॉक पेपर तपासायचाय."

मी गाडी काढली.

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा निरोप आलाय. तू कधी सनद घेतलीस, कोणकोणत्या समित्यांवर होतीस, किती बायकांच्या पोटगीच्या केसेस फी न घेता लढवल्यास, असं सगळं त्यांना हवंय. मी दोनदा लिहायला बसलो. पहिल्या ओळीपाशीच ती डॉक्टरांची खूण आडवी येते. तेव्हा लिहायचं तर हेच.

मितू पहिल्या खेपेला नापासच झाली म्हणायची. क्लॅटमध्ये नापास असं काही नसतं, रँक असतो, हे तूच मला समजावलं होतंस. पण तो रँक घेऊन कुठल्याही सरकारी लॉ कॉलेजच्या दारात उभं राहता आलं नसतं. पोरगी खोलीतून बाहेर येईना. जेवणाचं ताट आत जायचं आणि तसंच परत यायचं. मी माझ्या पद्धतीनं समजूत काढली, म्हणजे फूलबागेजवळच्या क्लासची जाहिरात तिच्या टेबलावर ठेवली. तू आलीस ती चपला न काढता सरळ तिच्या खोलीत शिरलीस. दाराबाहेर मी आणि वसुधा कान लावून उभे.

"काय गं, मेलीस का?"

तू खिडकीचा पडदा सारल्याचा आवाज आला.

"मेली नसशील तर ऊठ. मला एका अपिलात मदत पाहिजे. माझे डोळे दुखतात, वाचून दाखव."

अपील वगैरे काही नव्हतं. कुठला तरी जुना निकाल होता. पण त्या दिवसापासून मितू रोज दुपारी चारला माधवगंजहून सायकल काढून तुझ्याकडे यायला लागली, आणि पुन्हा परीक्षा द्यायला घेतलेल्या त्या ड्रॉपच्या वर्षात तिनं अन्न खाल्लं, ती हसली, भांडली, ते तुझ्या जिवावर. क्लासवाल्यांनी तिला वेळ लावून प्रश्न सोडवायला शिकवले असतील. वाचायला तू शिकवलंस.

तुझी पद्धत मी पाहिली आहे. ऑफिसातून सुटलो की मी तिला घ्यायला यायचो आणि तुमचं संपेपर्यंत कोपऱ्यातल्या वेताच्या मोढ्यावर बसायचो. लीगल रीझनिंगचा उतारा मितूनं मोठ्यानं वाचायचा. मग तू विचारायचीस, आणि तिनं "आत्या, मला वाटतं..." असं सुरू केलं की तू हातातली पट्टी टेबलावर आपटायचीस.

"तुला काय वाटतं ते कुणी विचारलं? वाटणारे खूप आहेत. कचहरीच्या बाहेर चहाच्या टपरीवर सगळ्यांना वाटतच असतं. उताऱ्यात काय नियम दिलाय ते बोल."

"पर आत्या, नियमच अनफेअर आहे ना!"

"असू दे. आज तो लाव. उद्या वकील होऊन तो बदलायला भांड. आज बदललास तर मार्क गेला."

"ये तो चीटिंग है यार."

"यार तुझ्या बापाला म्हण. तो बघ, मोढ्यावर बसलाय, लेकीच्या नावानं देव पाण्यात घालून."

आणि तुम्ही दोघी माझ्याकडे बघून हसायचात. तुम्हाला हसताना पाहिलं की मला वाटायचं, ही घडी मोडायला नको. मी जे केलं त्याला मी स्वतःशी हेच कारण दिलं. तू दिल्लीला जाऊन पडशील, मितू पुस्तक मिटून तुझ्या उशाशी बसेल, दुसरंही वर्ष जाईल, आणि पोरगी पुन्हा त्या खोलीत जाऊन दार लावून घेईल. एक महिना. गोळ्या चालूच आहेत. परीक्षा होऊ दे, मग सांगू.

आणखी एक कारण मी देत असे, ते जास्त लबाड होतं. ताईला सांगितलं असतं तरी ती हेच म्हणाली असती, की पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे. खरंच म्हणाली असतीस कदाचित. पण ते तू म्हणायचं होतंस. तुझ्या वतीनं मी ते म्हणून टाकलं, आणि तुझ्याच नावावर खपवलं.

तुला आई आठवत असेल. आपल्याकडे रीतच आहे, आजार रोग्यापासून लपवायचा आणि गल्लीभर सांगायचा. आईला अल्सर आहे असं आपण तिला सांगत राहिलो, आणि अख्ख्या माधवगंजला माहीत होतं की कॅन्सर आहे. समोरच्या काकू तिला बघायला यायच्या आणि पदर तोंडाला लावून परत जायच्या. आई विचारायची, "ही बया रोज रडायला का येते गं माझ्याकडे?" बाबांनी आणि मी ठरवलं होतं सांगायचं नाही. तू भांडलीस. बाबांनी तुला गप्प केलं. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेतल्या साड्या वाटताना तू मला म्हणालीस, "हिला कुणाला काय द्यायचं होतं ते हिनं सांगितलं असतं. आपण तिला तेवढंही करू दिलं नाही. माझ्या बाबतीत हे करायचं नाही, पम्या. मला पहिलं सांगायचं. शब्द दे." मी शब्द दिला होता. द्यायला काय जातं? तेव्हा तुझा एक केसही पांढरा नव्हता.

त्या महिन्यात मी तुझी जी सेवा केली, ती तू ओळखलीस का? भाजी मी आणून द्यायला लागलो. तुझी ती जड बॅग जिन्यावरून मी वर नेऊ लागलो. शिकवणी आमच्याकडे ठेवू या, म्हणजे तुझा जिना वाचेल, असं सुचवलं, तर तू म्हणालीस, "तुमच्याकडे टीव्ही आहे आणि तू आहेस. तिथे अभ्यास होत नाही." लोणचं खाऊ नकोस म्हणून मी बरणी उचलून ठेवली तेव्हा तू वसुधाला फोन लावलास. "काय गं, याला घरातून हाकललंस का? इथे येऊन सासूपण करतोय." मी हसलो. रोज तुझ्या चेहऱ्याचा रंग बघायचो. तू जिन्याच्या वळणावर थांबलीस की मीही बॅग घेऊन थांबायचो, आणि तू पुढची पायरी चढलीस की मी मनात म्हणायचो, झाला, आजचा दिवस गेला.

आणि मग ती संध्याकाळ. परीक्षा आठवड्यावर आली होती. मितूनं उतारा वाचला तो नेमका संमतीवरचा. रोग्यानं स्वतः हो म्हटल्याखेरीज उपचार नाहीत, तो शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर त्याच्या वतीनं नातेवाइकाला ठरवता येत नाही, असा काहीसा नियम होता. खाली एका नवरा-बायकोची गोष्ट. मितूनं पटापट उत्तरं दिली. तू म्हणालीस, "शाबास. आता थोडं बदलू या. समज, नवरा नाही, भाऊ आहे. ऑपरेशन करायचं का, हा प्रश्नच नाही. डॉक्टरनं आजार भावाला सांगितला आणि भावानं बहिणीला सांगितलाच नाही. मग?"

मितू म्हणाली, "नियम तर उपचाराचा आहे, आत्या. लपवण्याबद्दल उताऱ्यात काहीच नाही. उत्तर देता येत नाही."

"करेक्ट. उताऱ्याबाहेर जायचं नाही." मग तू खुर्ची वळवलीस. "तू सांग रे पम्या. तुझी काही परीक्षा नाही. तू असतास तर?"

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला नाही, ठेवला असता तर आवाज झाला असता. मी म्हणालो, "मी नसतं सांगितलं. तिच्या भल्यासाठी."

"चूक," तू म्हणालीस. "पाव मार्क कापला."

मितू खो खो हसली. "बाबा, निगेटिव्ह मार्किंग!" तूही हसलीस. मग चष्मा काढून पदरानं पुसलास, पुन्हा घातलास, आणि म्हणालीस, "हां, पुढचा उतारा."

ताई, तुला कळलं होतं का? मी त्या दिवसापासून हाच एक प्रश्न घोळवतोय. भाऊ-बहीण तू सहज घेतलीस की मला वाट करून देत होतीस? कळलं असेल तर मला धरलं का नाहीस? कोर्टात तू माझ्यासारख्याला दोन प्रश्नांत उघडं पाडलं असतंस. आणि कळलं नसेल, तर मी तुला समोरासमोर सांगितलं की मी लपवलं असतं, आणि तू ते थट्टेवारी नेलंस. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी मला झोपू देत नाही. तू माझ्याशी वाद घालायचीस, जिंकायचीस, आणि मग पोहे करून घालायचीस. हा वाद तू अर्ध्यात टाकून गेलीस. आता दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात, आणि कुठल्याही बाजूनं मी सुटत नाही.

परीक्षेच्या रविवारी सकाळी थंडी होती. येऊ नकोस म्हटलं तरी तू आलीसच, शाल गुंडाळून, मुरारकडच्या त्या शाळेच्या फाटकापर्यंत. मितूच्या कपाळावरची बट मागे सारून तू म्हणालीस, "जा. आणि काही वाटून घेऊ नकोस." ती आत गेली. फाटकाबाहेर आईबापांची गर्दी होती. कुणी जपमाळ ओढत होतं, कुणी कटऑफवर भांडत होतं. तू भिंतीच्या कठड्यावर बसलीस आणि बराच वेळ बोलली नाहीस. तू बोलत नाहीस म्हणजे काय हे मला माहीत होतं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही रे. पहाटे उठले ना, जड वाटतंय."

तुझ्या ओठांचा रंग गेला होता. नर्सिंग होम तिथून फार लांब नव्हतं. मी उठलो. तुला उचलून नेऊ शकलो असतो. आणि माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण आता लपवून ठेवायला माझ्याकडे जागा उरली नाही: मितू बाहेर आल्यावर आपण दोघे इथे दिसलो नाही तर? मी टपरीवरून चहा आणून तुझ्या हातात दिला. देवाला हात जोडले, ते तुझ्यासाठी नव्हते. फक्त दोन तास दे, एवढंच मागितलं.

त्यानं दिले. मितू पळत बाहेर आली, तुझ्या गळ्यात पडली. "आत्या, लीगल एकदम मस्त! करंट अफेअर्समध्ये थोडी गडबड झाली, पर चलेगा." तुझ्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला तो परतलेला रंग बघून इतकं बरं वाटलं, की मी जिलबी घेतली.

आता खरं अवघड पुढे आहे. त्या महिन्याचं माझ्याकडे कारण आहे, लंगडं का होईना. परीक्षेनंतरच्या दिवसाचं काहीच नाही. सोमवारी संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो तो सांगायलाच. वाक्य जुळवून आलो होतो. तू आणि मितू जमिनीवर पसरून उत्तरांची आन्सर-की ताडून बघत होतात. प्रत्येक बरोबर उत्तराला तू टाळी वाजवत होतीस. मला बघून म्हणालीस, "ये, बस. तुझी लेक वकील होतेय बहुतेक. देव पाण्यातून काढ आता."

मी बसलो. मितू हात धुवायला आत गेली तेव्हा आपण दोघेच होतो. तेवढा वेळ पुरेसा होता. मी म्हणालो, "ताई..." तू म्हणालीस, "हं?" मी म्हणालो, "गोळ्या घेतेस ना?" तू म्हणालीस, "घेते रे बाबा." पोरीचं वर्ष, तिची खोली, तिचं ताट, यातलं काहीही आता धोक्यात नव्हतं. मी घाबरलो होतो, बस. महिनाभर गप्प का होतास, हे तू विचारलं असतंस, त्याला मी घाबरलो.

मंगळवारी तुझ्या ज्युनिअरचा फोन आला. "अंकल, मैडम को कुछ हो गया है, आप जल्दी आ जाइए." केस पुकारली जायची वाट बघत तू बाकावर बसली होतीस. पुकारा झाला आणि तू उठली नाहीस.

तेव्हापासून लोक येतात आणि म्हणतात, काय भाग्याचं मरण. अंगात काळा कोट असताना गेली. कुणाकडून सेवा करून घेतली नाही. कळलंसुद्धा नाही तिला. मी हात जोडून "हो" म्हणतो. तुझ्या पक्षकार बायका आल्या होत्या, दालनात मावेनात. एक म्हणाली, "भैया, वकील साहिबा कहती थीं, अपनी पीठ पीछे अपना फ़ैसला किसी को मत करने देना. वही सीख के मैं अपने पैरों पर हूँ." तिच्यासमोरून मी उठून आत गेलो. तुझ्या लेकीबाळी तुझं ऐकून शहाण्या झाल्या. सख्खा भाऊ मात्र तुझ्या खोलीतल्या मोढ्यावर बसून कोराच राहिला.

तुझं तेरावं झालं आणि मितूचा निकाल लागला. चांगला रँक आलाय. चांगल्या ठिकाणी नक्की लागेल. तिनं निकाल बघून मोबाइल पालथा घातला आणि म्हणाली, "मी नाही जाणार."

वसुधानं विचारलं, का? तेव्हा ती एकदम सुटली. "आत्याला दम लागत होता. जिन्यावर थांबायची. मी रोज बघायचे, आई. मी घरी बोलले एकदा, मग परत नाही बोलले, क्योंकि मला वाटलं क्लास बंद होईल. मी माझ्या एग्ज़ामसाठी चुप राहिले. मी मारलं तिला."

"वेडी का गं," वसुधा म्हणाली. "डॉक्टरला दाखवलं होतं ना बाबांनी? गॅसेस होते. कुणालाच माहीत नव्हतं. हो की नाही हो?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. ताई, मी पुन्हा "हो" म्हणालो.

म्हणजे बघ, जे माझं आहे ते आता तिनं अंगावर घेतलंय, आणि मी तिला घेऊ देतोय. सीट कबूल करायची मुदत जवळ आलीय. ती तुझ्या खोलीत जाऊन बसते, पुस्तकं आवरत नाही, कुणाला आवरू देत नाही. मी बोललो तर ती माझं तोंड बघणार नाही, कदाचित फार वर्षं. नाही बोललो तर ती घरी बसेल, आणि तुझ्या नावानं स्वतःला शिक्षा करत राहील. तू असतीस तर एवढा विचारही करू दिला नसतास. पट्टी आपटली असतीस.

तू मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते मागायची जागा जिवंतपणी होती, तुझ्या घरात, मितू हात धुवायला गेली तेव्हा. तुझे उपकार मात्र मानायचे आहेत. माझ्या लेकीला तू त्या खोलीतून बाहेर काढलंस. मी तिला पुन्हा आत ढकलतोय.

मंडळवाल्यांना सांगितलंय, लेख देतो, पण चार दिवस थांबा. हा कागद मी मितूच्या टेबलावर ठेवून सटकणार नाही. तिला समोर बसवून तोंडानं सांगायचंय, डॉक्टर काय म्हणाले आणि मी काय विचारलं, शब्दाला शब्द. मग वसुधाला.

अजून सांगितलेलं नाही. तेवढं माझ्याकडे तुझं देणं आहे.

तुझा,
पम्या